धुक्यात पिवळा दिवा का? माझ्या एका चुकलेल्या उत्तराची गोष्ट



मी कामोठ्याला राहते. इथून सायन-पनवेल हायवेला लागलं की थोड्याच वेळात कळंबोली येतं आणि तिथून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये या रस्त्यावर एक अनुभव सगळ्यांनीच घेतला असेल. खालापूरचा टोलनाका मागे पडेपर्यंत सगळं नीट दिसत असतं. गाडी बोरघाट चढायला लागते आणि खंडाळ्याच्या अलीकडे समोर एकदम पांढरा पडदा येतो. खाली पनवेलहून जो ढग डोंगरावर टेकलेला दिसत होता, त्याच्या पोटात आता आपण शिरलेलो असतो.

आमचे बाबा आठवड्यातून दोनदा मालाचा टेम्पो घेऊन हा घाट चढतात. एमएस्सीला असताना मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सल्ला दिला होता, "बाबा, टपावर दोन पिवळे दिवे लावून घ्या. पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो." त्यांनी लावले. पुढच्याच फेरीहून परत आले ते म्हणाले, "अगं, दिवे लावले की समोर पिवळी भिंत उभी राहते. बंद केले तेव्हा जरा बरं दिसलं." मला वाटलं, दिवेच हलक्या दर्जाचे असतील.

त्यानंतर काही महिन्यांनी पीएचडी प्रवेशाची मुलाखत होती. समोर तीन जण बसलेले. विषय प्रकाशाच्या विकिरणावर आला आणि एका सरांनी विचारलं, "गाड्यांचे फॉग लाइट पिवळे का असतात?" मनात म्हटलं, हा तर फुलटॉस! मी लगेच सांगितलं, पिवळ्या रंगाची तरंगलांबी जास्त, रॅलेच्या नियमाप्रमाणे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून पिवळा कमी विखुरतो. सरांनी शांतपणे पुढचा प्रश्न केला, "धुक्याचा थेंब केवढा असतो?"

मला माहीत नव्हतं. "मग रॅलेचा नियम इथे चालतो हे तुम्ही कशावरून ठरवलं?" यावर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. आज हा लेख लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण पेट, नेट, सेटची तयारी करताय आणि माझ्यासारखंच पाठ केलेलं उत्तर तुमच्याही खिशात असण्याची दाट शक्यता आहे.

आधी थेंब मोजा

रॅलेचा नियम कुठे लागू होतो? विखुरणारा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल तिथे. हवेचे रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. म्हणून हवेला हा नियम चपखल बसतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ५८० नॅनोमीटरच्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जास्त विखुरतो. आकाश निळं दिसतं ते यामुळेच.

आता धुक्याचा थेंब घ्या. तो काही मायक्रोमीटरपासून काही दहा मायक्रोमीटरपर्यंत असतो. आपण १० मायक्रोमीटर धरू, म्हणजे १०,००० नॅनोमीटर. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळजवळ वीस पट! इथे रॅले नाही, तर गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडलेलं गणित लागतं. त्यातून निघतं असं की एवढ्या मोठ्या थेंबासमोर सगळे रंग जवळजवळ सारखेच. निळा असो, पिवळा असो की लाल, थेंब सगळ्यांना सारखंच अडवतो.

हे पटवून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. ढग आणि धुकं पांढरं दिसतं, यातच उत्तर आहे. पिवळा खरोखर आरपार गेला असता आणि निळा मागे विखुरला असता, तर हेडलाइटच्या उजेडात धुकं निळसर दिसलं असतं आणि धुक्यापलीकडचे पांढरे दिवे पिवळट. तसं होत नाही. हा पुरावा मी लहानपणापासून घाटात बघत होते, पण उत्तर पाठ असल्यामुळे माझ्या डोक्यात तो कधी आलाच नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. थंडीत सकाळी कामोठ्यात खाडीच्या बाजूला जो धुरकट थर दिसतो, त्यात धूर आणि बारीक धूलिकणही असतात. ते एका मायक्रोमीटरपेक्षा लहान असू शकतात आणि तिथे रंगाने फरक पडतो. म्हणजे "रंगाने काहीच फरक पडत नाही" हेही पाठ करून टाकू नका. प्रत्येक वेळी कण केवढा आहे, हे आधी विचारा.

मग पिवळा आला कुठून?

फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइटच पिवळे असावेत असा नियम होता. पांढऱ्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग काढून टाकला की हा पिवळा मिळतो. निळसर प्रकाशाची चकाकी डोळ्यांना जास्त खुपते, त्यामुळे पिवळा काहींना सुखावह वाटतो. हा फायदा डोळ्यांच्या आरामाचा आहे, धुकं भेदण्याचा नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांत पुढचा फॉग लाइट पांढराही चालतो आणि पिवळाही. रंगातच सगळी जादू असती, तर पांढऱ्याला परवानगी मिळालीच नसती.

पुढचा फॉग लाइट काय करतो?

सगळी गंमत दिव्याच्या जागेत आणि झोताच्या आकारात आहे. धुक्यात समोरची वस्तू अंधुक होते याची कारणं दोन. एक, तिच्याकडून येणारा प्रकाश वाटेत कमी होतो. दोन, आपल्याच दिव्याचा प्रकाश मधल्या थेंबांवर आपटून परत आपल्या डोळ्यांत येतो आणि वस्तूवर पांढरा पडदा पसरतो.

आता इथे जरा थांबून विचार करा. दिव्याची ताकद दुप्पट केली तर काय होईल? वस्तूवरून येणारा प्रकाश दुप्पट होईल. पण परत येणारी चकाकीही दुप्पटच होईल! दोघांचं गुणोत्तर जिथल्या तिथे. म्हणून धुक्यात हाय बीम लावून उपयोग होत नाही, उलट डोळे दिपतात. बाबांच्या "पिवळ्या भिंती"चा उलगडा इथे होतो. टपावरचा दिवा ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या अगदी वर होता. त्याचा झोत आणि डोळ्यांची नजर एकाच धुक्यातून बरोबरीने जात होती.

गुणोत्तर सुधारायचं असेल तर ताकद वाढवून चालत नाही, रचना बदलावी लागते. म्हणून फॉग लाइट खाली, बंपरजवळ बसवतात. कार आणि हलक्या मालवाहू गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की तो जमिनीपासून २५० मिलिमीटरपेक्षा खाली आणि ८०० मिलिमीटरपेक्षा वर नको. त्याचा झोत आडवा, रुंद आणि वरच्या बाजूने कापल्यासारखा असतो. त्यामुळे नजरेच्या रेषेतलं धुकं फारसं उजळत नाही आणि गाडीपुढचा थोडा रस्ता, कडेचा पांढरा पट्टा, कठडा हे दिसत राहतं. तेवढंच त्याचं काम. तो लांबचं दाखवत नाही, तर हळू चालवताना रस्त्यावर राहायला मदत करतो.

दिसणं वेगळं, दाखवणं वेगळं

आता थोडं गणित करू. समजा दृश्यता १०० मीटर आहे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ५० ते २०० मीटर दृश्यता म्हणजे दाट धुकं, त्यामुळे आपलं उदाहरण त्यातच बसतं. हवामानशास्त्रात या १०० मीटरचा अर्थ असा की तेवढ्या अंतरात प्रकाशाचा जेमतेम ५ टक्के भाग शिल्लक राहतो. घट घातांकी असल्यामुळे ५० मीटरवर साधारण २२ टक्के राहतो.

तुमच्या हेडलाइटने ५० मीटरवरचा बंद पडलेला ट्रक बघायचा, तर प्रकाशाला जाऊन परत यावं लागतं. २२ टक्क्यांचे २२ टक्के, म्हणजे फक्त ५ टक्के. पण त्या ट्रकचा मागचा दिवा चालू असेल तर त्याचा प्रकाश एकदाच प्रवास करतो आणि २२ टक्के पोचतो. शिवाय स्वतःच्या दिव्याची चकाकी जशी तुम्हाला त्रास देते, तशी त्याच्या दिव्याची देत नाही. म्हणूनच धुक्यात मागचा लाल फॉग लाइट पुढच्यापेक्षा जास्त मोलाचा ठरतो.

साधा टेललाइट समजा ५ कँडेलाचा. मागच्या फॉग लाइटसाठी किमान तीव्रता १५० कँडेला मागितली जाते, म्हणजे तीसपट. आता टेललाइट ५० मीटरवरून जेवढा तेजस्वी दिसतो, तेवढाच हा फॉग लाइट किती अंतरावरून दिसेल? अंतराच्या वर्गाप्रमाणे होणारी घट आणि धुक्यातली घातांकी घट दोन्ही धरून गणित केलं तर उत्तर येतं साधारण ११० मीटर. तीसपट ताकद आणि अंतर दुपटीच्या थोडं वर, हा घातांकी घटीचा इंगा! पण हे जास्तीचे ६० मीटर फार महत्त्वाचे आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते साडेतीन सेकंद देतात.

याच वेगाला ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला किती अंतर लागतं? दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर सुमारे ३५ मीटर. एकूण ६० मीटर. म्हणजे पुढच्या ट्रकचा टेललाइट ५० मीटरवर दिसला आणि तो ट्रक उभाच असला, तर ताशी ६० ला तुम्ही थांबू शकत नाही. ताशी ४० ला हेच अंतर ३२ मीटरच्या आसपास येतं. कुठलाही दिवा लावून मिळणार नाही असा फायदा नुसता वेग कमी करून मिळतो.

धुकं सरलं की मात्र मागचा फॉग लाइट बंद करा. स्वच्छ हवेत तो मागच्याचे डोळे दिपवतो आणि तुमचा ब्रेकलाइट त्यात हरवतो. घाटात चारही इंडिकेटर लावून चालत्या गाडीने जाणारेही खूप दिसतात. ती खूण थांबलेल्या गाडीची आहे. शिवाय मग तुम्ही वळताय की नाही, हे मागच्याला कळत नाही.

धुक्याचं मॉडेल कोणतं घेतलं?

आता खास संशोधन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९९८ मध्ये स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. धूसर दृश्यात वेग असतो त्यापेक्षा कमी भासतो, त्यामुळे माणसं नकळत जास्त वेगाने गाडी चालवतात, असं त्यांना सिम्युलेटरवर आढळलं. धुक्यातल्या अपघातांचं हे पटण्यासारखं स्पष्टीकरण होतं.

२०१२ मध्ये प्रेटो आणि सहकाऱ्यांनी 'ईलाइफ'मध्ये वेगळंच दाखवलं. संपूर्ण दृश्य एकसारखं फिकट केलं तर वरचा निष्कर्ष येतो. पण खरं धुकं तसं नसतं. जवळचं स्पष्ट असतं आणि लांबचं पुसट होत जातं. अंतरानुसार वाढणारं धुकं दाखवल्यावर वेग उलट जास्त भासला आणि लोकांनी गाडी हळू चालवली!

विषय तोच होता, पण धुकं कसं मांडलं यावर निष्कर्षाची दिशाच उलटली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "मॉडेल" हा शब्द लिहाल तेव्हा ही गोष्ट आठवा. ज्या गृहीतकाला आपण किरकोळ समजून एका ओळीत उरकतो, कधीकधी सगळं उत्तर त्याच ओळीतून येतं.

माझी चूकही याच जातीची होती. नियम बरोबर होता, पण तो कुठे लागू होतो हे मी तपासलं नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी मुलाखत दिली. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुठलंही सूत्र लिहिण्याआधी बाजूला दोन आकडे मांडायचे. इथे ते दोन आकडे होते थेंबाचा आकार आणि तरंगलांबी. अर्ध्या मिनिटाचं काम. तुम्हीही आपापल्या विषयातले असे दोन आकडे शोधा, आणि मुलाखतीत ते माहीत नसतील तर सरळ "माहीत नाही, पण अंदाज असा करेन" म्हणा. समोरच्यांना बहुतेक वेळा तेच ऐकायचं असतं.

टेम्पोचे टपावरचे दिवे आम्ही काढले. बाबांनी पुढे बंपरखाली रीतसर फॉग लाइट बसवून घेतले आणि मागचा लाल दिवाही. सल्ला चुकीचा होता हे मी त्यांना कबूल केलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "मी तर पहिल्याच फेरीत सांगितलं होतं, भिंत दिसते म्हणून." बरोबरच होतं त्यांचं. निरीक्षण त्यांनी नीट केलं होतं. मी ते माझ्या उत्तरात बसत नाही म्हणून सोडून दिलं होतं, आणि त्याची किंमत त्यांना घाटात मोजावी लागली असती.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि या पावसाळ्यात घाट चढणार असाल, तर निघण्याआधी मागचा फॉग लाइट लागतो का, तेवढं बघून घ्या.