ऑपरेशननंतर जेवण का जात नाही?

टाके कोरडे आहेत, ताप नाही, तरी ताटातली पोळी तशीच. मेडिकलमधून किंवा खासगी दवाखान्यातून सुट्टी होऊन हुडकेश्वरच्या घरी परतलेल्या रुग्णाभोवती हे दृश्य नेहमीचे. घरचे म्हणतात, ‘दोन घास तरी खा.’ रुग्णाला फोडणीच्या वासानेच मळमळते. भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे आणि शहाळी ठेवून जातात, आणि दिवस त्यावरच निघतो.

यात नखरे नसतात. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या दृष्टीने उपचार असली तरी शरीर तिला जखम म्हणूनच ओळखते. जखमेच्या जागी सूज येते, तिथून रक्तात उतरणारी रसायने मेंदूपर्यंत पोहोचतात आणि भूक दबते. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडीही काही काळ थंडावतात. लहान आतडे साधारण दिवसभरात, जठर एक-दोन दिवसांत, तर मोठे आतडे दोन-तीन दिवसांत हालचाल सुरू करते. ‘गॅस सुटला का?’ हा राउंडवरचा प्रश्न त्यासाठीच असतो.

त्यात औषधांची भर पडते. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. मेट्रोनिडाझोल सुरू असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते. चार दिवस पोट साफ नसलेल्या माणसाला भूक लागणार कुठून?

अडचण अशी, की भूक मंदावते त्याच दिवसांत शरीराची मागणी वाढते. १९३० च्या सुमारास ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतून नायट्रोजन जास्त जात असल्याचे दाखवले. म्हणजे जखमी शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाते. ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हीच गरज ९० ग्रॅमच्या आसपास जाते. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच. नारळपाण्याचेही तेच. एका अंड्यात मात्र ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात तेवढीच मिळतात.

इथे घरचे पथ्य आडवे येते. ‘डाळ-भात खाल्ला की टाके पिकतात’ असे अनेक घरांत ठामपणे सांगितले जाते. टाके पिकतात ते जंतुसंसर्गाने, वरणाने नव्हे. डाळ, अंडी, दूध सगळेच बंद केले तर जखम भरायला कच्चा मालच उरत नाही. मायेपोटी पाळलेले हे पथ्य रुग्णाला महागात पडते.

रुग्णालयांची पद्धतही बदलली आहे. पूर्वी गॅस सुटेपर्यंत तोंडाने काही देत नसत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात रुग्णाला लवकर खाऊ घालण्याचा व लवकर चालवण्याचा आग्रह धरला. आता आतड्याच्या अनेक शस्त्रक्रियांनंतरही २४ तासांच्या आत तोंडाने देणे सुरू होते. अर्थात, कुणाला कधी आणि काय द्यायचे, हे ऑपरेशन करणारे डॉक्टरच ठरवतात.

घरी आल्यावर भुकेची वाट पाहू नये. भरलेले ताट पुढे आले की रुग्ण आधीच हरतो. वाटीभर अन्न दर दोन-तीन तासांनी बरे. मुगाची घट्ट खिचडी, कढी, दही, मऊ पनीर, चालत असेल तर उकडलेले अंडे. सकाळी भूक बरी असेल तर मोठे खाणे तेव्हाच उरकावे. जेवणाआधी पाण्याने किंवा चहाने पोट भरू नये. अंगणात चार फेऱ्या मारल्या तरी आतडी जागी होतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिने विचारूनच वाढवावीत. मधुमेहींनी जेवण गेले नाही तरी नेहमीचा डोस तसाच घेतला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांनी त्याच दिवशी फोन करून डोस विचारावा.

भूक हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत परतते. पण वारंवार उलट्या, फुगलेले पोट, गॅस व शौच दोन्ही बंद, ताप, जखमेतून पू किंवा दिवसभर पाणीही न टिकणे, यांतले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.