तिसऱ्या पिनेच्या मागे काय आहे?

माझे माहेर बेळगावचे, सासर बडोद्याचे. माहेरी आम्ही ‘शॉक बसला’ म्हणायचो, शेजारच्या अज्जी ‘शॉक् होडीतु’ म्हणायच्या. शॉकला मात्र कुठलीच भाषा परकी नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरले. आमच्या जुन्या घराचा तळमजलाही भिजला. पुढे काही दिवसांनी वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लागताच सासूबाईंच्या बोटांना झिणझिण्या आल्या. “इतक्या वर्षांत असे कधी झाले नाही हो,” त्या म्हणाल्या. सॉकेट तीन पिनांचे, म्हणजे अर्थिंग असणारच, असा सगळ्यांचा समज. वायरमनने तपासले तेव्हा खरे काय ते कळले.

मीटरपासून मेन स्विचपर्यंत जुनी आर्मर्ड केबल होती. तिच्यावरचे पोलादी तारांचे कवच केबलला मार लागू नये म्हणून असते. हेच कवच अर्थिंगची वाट म्हणूनही वापरले जाते. दोन्ही टोकांना ग्लँड घट्ट असेल तर ते चालते. पण ग्लँड सैल झाली, पोलाद गंजले की वाट अडते. दिवे-पंखे मात्र चालूच राहतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. काही घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते. पुढे प्लास्टिकचा पाइप आला की तीही निकामी!

हिशेब सोपा आहे. घरातला दाब २३० व्होल्ट. फेजची तार पत्र्याला टेकली आणि वाटेचा एकूण रोध ५ ओहम असेल, तर ४६ अँपिअर करंट वाहतो आणि १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. रोध ५० ओहम झाला तर करंट जेमतेम साडेचार अँपिअर. फ्यूज जागचा हलत नाही, पत्र्यात वीज तशीच राहते आणि ओल्या फरशीवर उभे असलेले माणूसच तिची वाट बनते.

आम्ही कवचावरचा भरवसा सोडला. खड्डा नवा केला, तिथून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तांब्याची तार वेगळी आणली आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परतला नाही, की ती क्षणार्धात वीज तोडते. मात्र तिचे टेस्ट बटण दाबून ती चालते एवढेच कळते, अर्थिंगचे काहीच कळत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, परवानाधारक वायरमनला बोलवा आणि अर्थिंगचा रोध मोजून आकडा कागदावर लिहून मागा. “सगळे ठीक आहे” एवढ्यावर त्याला चहा पाजून पाठवू नका. जुने घर असेल, भिंतींना ओल असेल, तर हे काम पावसाळ्याआधीच उरका.