पदरावर न आलेली धूळ

दिवसभर रस्ता झाडून घरी आलेली बाई पदराने नाक पुसते, तेव्हा पदर काळा होतो. घरची माणसे ते पाहून हळहळतात. पण पदरावर आलेली धूळ ही नाकाने अडवलेली धूळ होय. खरी काळजी करायची ती पदरावर न आलेल्या धुळीची!

ही धूळ केवढी असते? एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन होतो आणि मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. १०० नॅनोमीटरहून लहान कणांना नॅनोकण म्हणतात. हे कण फक्त परदेशी कारखान्यांत तयार होतात असे नाही. डिझेलच्या धुरात ते आहेत, वेल्डिंगच्या धुरात आहेत, चुलीच्या धुरात आहेत. वंदनेच्या वेळी आपण मेणबत्ती-अगरबत्ती लावतो, तिच्या धुरातही आहेत. (मेणबत्ती जरूर लावा, पण खिडकी उघडी ठेवा. कोंदट खोलीत लहान मूल असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे.)

मोठे कण नाकातल्या केसांत आणि श्वासनळीच्या चिकट द्रवात अडकतात व खाकरून बाहेर पडतात. फार बारीक कण मात्र थेट फुफ्फुसाच्या तळाशी, हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे चिकट द्रवाची ती झाडू नाही. तिथे असतात भक्षक पेशी. बाहेरचे जे येईल ते गिळायचे आणि पोटात पचवायचे, हे त्यांचे काम. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी अशा पेशी एकोणिसाव्या शतकात ओळखल्या आणि १९०८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

जंतू गिळला तर तो पचतो. दगडाची भुकटी कशी पचणार? घोटाळा इथूनच सुरू होतो. पेशीच्या आत तीव्र पाचक रसाची एक पिशवी असते. सिलिकाचा कण, म्हणजे वाळू व दगडातला तो टोकदार खडा, या पिशवीला इजा करतो आणि रस पेशीत सांडतो. पेशीला वाटते, घरात शत्रू शिरला. मग ती धोक्याची घंटा वाजवते. या घंटेचे सुटे भाग पेशीत पडूनच असतात, ते एकमेकांना जोडले जातात. शास्त्रज्ञ या जोडणीला इन्फ्लमासोम म्हणतात. तिच्यामुळे इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा पदार्थ बाहेर पडतो. तो रक्तातल्या इतर संरक्षक पेशींना बोलावून आणतो, भाग सुजतो, दाह होतो. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस यांनी हीच घंटा वाजते, हे २००८ साली प्रयोगांतून सिद्ध झाले. त्याच प्रयोगांत पेशींची गिळण्याची क्रिया औषधाने रोखली, तेव्हा घंटेचा जोरही ओसरला. म्हणजे पहारेकऱ्याने कर्तव्य केले म्हणूनच तो घायाळ झाला.

पुढे ती पेशी मरते. कण मात्र जसाच्या तसा. दुसरी पेशी येऊन त्यालाच गिळते, तीही मरते. वर्षानुवर्षे हे चालते आणि फुफ्फुसाच्या मऊ भागात जखमेच्या व्रणासारखे कडक चट्टे बनतात. हाच सिलिकोसिस.

सिलिकाचे घातक कण नॅनोकणांपेक्षा मोठे असतात, एक-दोन मायक्रॉनचे. मग कण आणखी लहान झाला तर? इथे मी माझा कारकुनी हिशेब मांडतो. एक सेंटिमीटर बाजूचा दगडी ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे १०० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर एकूण क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट! बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या चार खोल्या. वजन तेवढेच, पण पेशीला भिडणारा पृष्ठभाग लाखपट. म्हणून धूळ नुसती वजनावर मोजून भागत नाही.

आकारही पाहावा लागतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आता बॅटऱ्यांत वापरल्या जातात. फिनलंडमधील संशोधकांनी २०११ साली त्या माणसाच्या भक्षक पेशींवर तपासल्या. लांब, सुईसारख्या सरळ नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखीच घंटा वाजवली. सुई लांब असली की पेशीच्या पोटात मावतच नाही. हे प्रयोगशाळेतल्या पेशींचे निष्कर्ष आहेत, त्यावरून आजाराचा आकडा काढता येत नाही. पण वेल्डिंगच्या धुराबाबत वाट पाहायचे कारण उरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर आणि २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, तोंडाला बांधलेल्या रुमालावर विसंबू नका. त्याच्या विणीतून हे कण सहज जातात. एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसला तर तो बारीक कण अडवतो. दाढी असेल किंवा कडेने फट राहिली तर नाही. दगड वा फरशी कापताना पाण्याची धार हवी. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे. वेल्डिंग करताना डोके धुराच्या वर नको, वारा पाठीशी नको तर आडवा हवा. सिमेंटचा जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचा असतो. तो कोरडा कापू नका, भोक पाडताना ओला करा. मास्क आणि पाणी देणे हे मुकादमाचे उपकार नव्हेत, मालकाचे काम आहे.

आणखी एक. सिलिकोसिसचा एक्स-रे पुष्कळदा टीबीसारखा दिसतो आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर जडतो. त्यामुळे दगडाचे काम करणारा माणूस टीबीच्या गोळ्यांवर गोळ्या खात राहतो आणि मूळ आजार कागदावर येतच नाही. कागदावर नाही तर भरपाई नाही, हे मी टेबलामागे बसून सांगतो. दवाखान्यात गेल्यावर कोणते काम, किती वर्षे, कोणत्या ठिकाणी, हे डॉक्टरांना आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. त्याची झेरॉक्स घरी ठेवा.