शामोनीचे वर्ष : स्कीपासून ग्रॅनाइटपर्यंत

सह्याद्रीत चढाईचा हंगाम पाऊस ठरवतो. दसरा उलटला, कातळ वाळला की सुळक्यांवर दोर लागतात आणि उन्हाने खडक भाजू लागला की उतरतात. फ्रान्समध्ये माँ ब्लाँच्या पायथ्याशी असलेल्या शामोनीत हा अधिकार रात्रीच्या थंडीकडे आहे. तिथला गिर्यारोहक एप्रिलमध्ये पायाला स्की बांधतो आणि जुलैत त्याच डोंगरांवर कातळाला हात घालतो. दोन्ही वेळा त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : काल रात्री वर गोठले होते का?

स्की टूरिंग म्हणजे काय

लिफ्टने वर जाऊन आखलेल्या उतारावरून खाली येणे वेगळे. टूरिंगमध्ये चढही स्कीवरच चढायचा असतो. त्यासाठी स्कीच्या तळाला ‘स्किन’ची लांब पट्टी चिकटवतात. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी खरोखर सीलच्या कातड्याची असे. आता मोहेर किंवा नायलॉनची असते. फ्रेंचमध्ये मात्र तिला आजही ‘सीलचे कातडे’च म्हणतात. चढताना बुटाची टाच मोकळी असते. माथ्यावर पोचल्यावर पट्ट्या सोलून पिशवीत टाकायच्या, टाच अडकवायची आणि उतरायचे.

हिवाळा : थांबायला शिकण्याचे महिने

डिसेंबर ते फेब्रुवारीत बर्फ भरपूर असतो, पण थर एकमेकांना धरून असतीलच असे नाही. जुन्या, भुसभुशीत थरावर ताजा, वाऱ्याने दाबलेला थर बसला की तो अख्ख्या पाटीसारखा निसटतो. असे हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते, आणि स्कीसाठी सर्वांत मोहात पाडणारे उतारही तेच. अपघात झाला तर बहुतेक वेळा पाटी सुटते ती अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने.

युरोपात धोक्याची श्रेणी १ ते ५ अशी जाहीर होते. ३ हा आकडा मधला, म्हणून बरा वाटतो, पण जीव सर्वाधिक जातात ते याच श्रेणीच्या दिवसांत. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर हव्यातच. गाडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटे असतात. मदतपथक येईपर्यंत ती संपलेली असतात. शोधायचे ते सोबत्यांनीच.

वसंत : पहाटेचा हिशोब

मार्चच्या मध्यापासून बर्फ बसका होतो आणि मोठ्या मोहिमा सुरू होतात. त्यातली सर्वांत नावाजलेली वाट म्हणजे शामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला जाणारी ‘होत रूत’. ती स्कीवर पहिल्यांदा १९११ मध्ये पुरी झाली. आजही साधारण सहा-सात दिवस लागतात आणि मुक्काम डोंगरातल्या निवाऱ्यांमध्ये करावा लागतो.

या दिवसांत घड्याळ उलटे चालते. रात्री बर्फ दगडासारखा गोठतो, म्हणून अंधारात निघायचे. सकाळच्या उन्हाने वरचा बोटभर थर विरघळला की उतरण्यासाठी तो उत्तम. दुपारी तोच बर्फ लापशीसारखा होतो, उतार सुटू लागतात आणि हिमनदीतल्या भेगांवरचे बर्फाचे पूलही मऊ पडतात. रात्री आकाश ढगाळ राहिले तर बर्फ नीट गोठतच नाही. अशा पहाटे निवाऱ्यातून न निघणे हेच शहाणपण.

उन्हाळा : हात भेगेत

मे-जून हा अधलामधला काळ. जूनअखेरीला उंचावरचा ग्रॅनाइट कोरडा होतो.

आपला बेसाल्ट आडव्या थरांचा. मध्ये मुरूम, गवत, घसारा. माँ ब्लाँचा ग्रॅनाइट उभ्या भेगांचा आहे. इथे पकड शोधण्याऐवजी भेगेत पंजा घालून तो फुगवायचा, त्याच्यावर वजन तोलायचे आणि भेगेत अडकणारी चोकनट किंवा फ्रेंड ही सुरक्षेची साधने लावत वर सरकायचे. एग्वी द्यू मिदीच्या दक्षिण भिंतीवर फ्रेंच गिर्यारोहक गास्तों रेब्युफाने १९५६ मध्ये काढलेली वाट हे त्याचे सुंदर उदाहरण. केबल कार ३,८४२ मीटरच्या शिखराजवळ आणून सोडते, आणि भिंत उन्हाकडे तोंड करून उभी आहे.

ड्रूचा खांब

पण उन्हाळ्यातही थंडी हवीच असते. उंच कड्यांच्या भेगांमध्ये कायमचा गोठलेला बर्फ खडकाला चुन्यासारखा सांधून ठेवतो. तो वितळला की सांधा सुटतो. इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनातीने १९५५ च्या ऑगस्टमध्ये शामोनीजवळच्या ड्रू शिखराच्या नैऋत्य खांबावर एकट्याने सहा दिवस चढाई केली. गिर्यारोहणाच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी चढायांपैकी ती एक, असे मी मानतो. जून २००५ मध्ये तो खांब कोसळला. अडीच लाख घनमीटरहून जास्त खडक खाली आला. ती वाट आता कोणालाच चढता येणार नाही.

रेब्युफाने १९७३ मध्ये या पर्वतसमूहातल्या शंभर उत्तम वाटांचे पुस्तक लिहिले. संशोधकांनी त्यांतल्या ९५ वाटा पुन्हा तपासल्या, तेव्हा ९३ वाटांवर हवामानबदलाचा परिणाम दिसला. तीन वाटा उरल्याच नव्हत्या.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी

कोकणकडा किंवा लिंगाणा चढलेल्यांना दोराचे काम येते, उंचीची भीती मोडलेली असते. हिमनदी आणि हिमस्खलन मात्र सह्याद्री शिकवू शकत नाही. पहिल्या खेपेला स्थानिक गाइड घ्या, बचावाचा खर्च भरून देणारा विमा घ्या, आणि बीकनचा सराव डोंगरावर जाण्याआधी करा. हवामानाच्या अंदाजात पाऊस पाहाल तसाच आणखी एक आकडा रोज पाहा : शून्य अंश तापमान किती उंचीवर आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ तारखेच्या मधल्या रात्री, स्वित्झर्लंडवर ती रेषा ५,२९८ मीटरवर मोजली गेली. माँ ब्लाँची उंची ४,८०० मीटरहून जराशीच जास्त आहे.