लायब्ररीत सापडलेल्या एका पात्याने ९७ नकाशांची चोरी उघडकीस आणली. लिलावात जुना नकाशा घेण्याआधी त्याची पाठ का बघायची?

८ जून २००५. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनिकी लायब्ररीत एका कर्मचारी महिलेला वाचनकक्षाच्या जमिनीवर कटरचं छोटं पातं पडलेलं दिसलं. ही दुर्मिळ पुस्तकांची लायब्ररी, त्यामुळे इथे पातं सापडणं म्हणजे धोक्याची घंटाच. त्या दिवशी कोण कोण आलंय, याची नोंद तिने तपासली. त्यात एक नाव होतं फोर्ब्स स्मायली. इंटरनेटवर शोधलं तर कळलं की हा गृहस्थ जुन्या नकाशांचा व्यापारी आहे. आणि त्या दिवशी तो जुने नकाशे असलेलीच पुस्तकं चाळत बसला होता.

स्मायली बाहेर पडल्यावर पोलिसांनी त्याला गाठलं. ब्रीफकेसमध्ये नकाशे निघाले आणि कोटाच्या खिशात निघाला जॉन स्मिथचा १७ व्या शतकातला न्यू इंग्लंडचा नकाशा.

पुढे स्मायलीने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. किंमत साधारण ३० लाख डॉलर. येल, हार्वर्ड, न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या पब्लिक लायब्रऱ्या, शिकागोची न्यूबेरी आणि थेट लंडनची ब्रिटिश लायब्ररी, इतक्या ठिकाणी त्याने हात मारला होता. २००६ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

बरं, हा कुणी भुरटा चोर नव्हता. ज्या श्रीमंत संग्राहकांचे नकाशे पुढे न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या लायब्रऱ्यांकडे गेले, त्यांचे संग्रह उभे करायला स्मायलीनेच मदत केली होती. कुठल्या पुस्तकात कुठला नकाशा आहे आणि त्याला बाजारात काय भाव येईल, हे त्याला तोंडपाठ होतं.

पण इतके नकाशे वर्षानुवर्षं विकले जात असताना घेणाऱ्यांपैकी कुणाला शंका कशी आली नाही?

सुट्या नकाशाला जन्मदाखला नसतो

चोरीची गाडी विकायची म्हटलं तर नंबरप्लेट असते, चेसिस नंबर असतो, आरसी बुक असतं. जुन्या नकाशाला यातलं काहीच नसतं. १६ व्या ते १८ व्या शतकातले जे नकाशे आज फ्रेममध्ये दिसतात, त्यातले बरेचसे मुळात एखाद्या ॲटलासमध्ये किंवा प्रवासवर्णनात बांधलेले होते. नंतर कुणीतरी ते सुटे केले.

आणि असं सुटं करणं हा गुन्हा नाही. पुस्तक स्वतःच्या मालकीचं असेल तर व्यापारी उघडपणे ते फोडतात, कारण हिशोब सोपा आहे. अख्खा ॲटलास घेणारे ग्राहक मोजके, पण त्यातला आपल्या गावाचा, आपल्या देशाचा नकाशा भिंतीवर लावायला अनेकांना हवा असतो. सुट्या पानांची बेरीज अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त भरते.

चित्रांचंही तेच. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची भारतातली १४४ दृश्यं १७९५ ते १८०८ या काळात खंडांच्या रूपात निघाली. वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रंही थॉमस डॅनियलने छापली. ती मूळ रेखाटनं होती जेम्स वेल्सची. हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारात काम करायचा, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र त्याचंच. आज वेरूळचं यातलं एखादं चित्र एकेकटं विकायला येतं, तेव्हा त्याची २३ भावंडं कुठे गेली हे सांगायला कुणी नसतं.

म्हणूनच सुटा नकाशा बघून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. कायदेशीरपणे फोडलेल्या पुस्तकातला नकाशा आणि लायब्ररीतून कापलेला नकाशा टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. त्यात ही छापील वस्तू. चित्रकाराचं मूळ चित्र चोरीला गेलं तर ते एकमेव असतं, नकाशाच्या मात्र अनेक प्रती असतात. 'ही दुसरी प्रत आहे' एवढं उत्तर पुरतं.

मग चोरी सिद्ध कशी करतात? कधी कधी वाळवी आणि किडे मदतीला येतात! किडा पुस्तक पोखरतो तेव्हा एकामागच्या एक पानांवर त्याच जागी भोकं पडतात. सापडलेला नकाशा संशयित पुस्तकात ठेवून ती भोकं जुळतात का बघायचं. डाग, फाटलेली कड, कापल्यावर पुस्तकात उरलेली कागदाची पट्टी, हेही पुरावेच. खोडलेला लायब्ररीचा शिक्का अतिनील प्रकाशात पुन्हा दिसू शकतो.

स्मायली प्रकरणात नकाशे लायब्रऱ्यांकडे परत गेले तेव्हा ते विकत घेणाऱ्यांना बाजूला व्हावं लागलं. त्यांनी पैसे प्रामाणिकपणे मोजले होते, पण त्यामुळे चोरीचा माल त्यांच्या मालकीचा झाला नाही.

मोठं नाव असलं तरी

२०१७ च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टीज या जगप्रसिद्ध लिलावगृहाने लंडनमध्ये एक कागद विक्रीला ठेवला. मार्टिन वाल्डझेम्युलर या नकाशाकाराचा १५०७ चा नकाशा, कापून छोट्या गोळ्यावर चिकटवला की पृथ्वीगोल तयार होईल असा १२ पाकळ्यांचा. 'अमेरिका' हे नाव छापलेल्या सर्वात जुन्या नकाशांपैकी हा एक. याच माणसाचा १५०७ चा भिंतीवरचा मोठा नकाशा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १ कोटी डॉलर देऊन घेतला होता. त्यामुळे या पाकळ्यांचा अंदाजित भाव होता ६ ते ९ लाख पौंड.

लिलावाला काही दिवस उरले असताना तज्ज्ञांनी शंका काढली. मिनेसोटा विद्यापीठाकडे याच नकाशाची एक खरी प्रत आहे. तिच्या कागदाला जिथे इजा झाली आहे, नेमक्या त्याच जागी क्रिस्टीजच्या प्रतीत छपाईतच पांढरी रेघ उमटलेली होती. एका कागदाची इजा दुसऱ्याच्या छपाईत कशी येईल? पहिल्याचा फोटो काढून दुसरा छापला असेल तरच. क्रिस्टीजने नकाशा मागे घेतला. आणि मग म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट लायब्ररीने आपली प्रत तपासली. १९९० मध्ये २० लाख जर्मन मार्क देऊन घेतलेली ती प्रतही बनावट निघाली.

नकाशाची पाठ बघा

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये फोटो समोरून असतो. जाणकार मात्र पाठीचा फोटो मागतात. अब्राहम ऑर्टेलियसच्या ॲटलासचंच घ्या. तो १५७० मध्ये पहिल्यांदा निघाला आणि १६१२ पर्यंत लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा वेगवेगळ्या भाषांत छापला जात राहिला. तांब्याच्या पाट्या बऱ्याचदा त्याच वापरल्या, त्यामुळे समोरची बाजू सारखीच दिसते. पाठीवरच्या मजकुराची भाषा आणि मांडणी बघूनच कळतं की हा कागद कुठल्या आवृत्तीचा. पाठ कोरी, आणि कॅटलॉगमध्ये '१५७०' लिहिलेलं, असं असेल तर आधी प्रश्न विचारायचा आणि मग हात वर करायचा.

नकाशा उजेडासमोर धरला की जुन्या हातकागदात समांतर रेघा आणि कधी कधी जलचिन्ह दिसतं. बिनरेघांचा गुळगुळीत कागद १८ व्या शतकाच्या उत्तरार्धाआधी वापरात नव्हता म्हटलं तरी चालेल. तांब्याच्या पाटीवरून छापताना दाबामुळे कडेने चौकोनी वळ उठतो, तो बोटाला जाणवतो. जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला असेल तर कागद खातो, आणि पाठीमागे तपकिरी सावली उमटते. रंग ताजा, पाठ स्वच्छ, तर रंग नंतर भरलेला असण्याची शक्यता मोठी. यातली कुठलीही एक खूण पुरेशी नाही, वळ खोटाही उठवता येतो.

राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांना दहापट दाखवणारं भिंग लावायचं. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या दगडी छपाईत रंगाचे बारीक, अनियमित कण दिसतात. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे रांगेत बसलेले ठिपके दिसले, तर ती नंतरची नक्कल. फ्रेम कितीही जुनी असो, फ्रेम बदलता येते.

पैशांबद्दल थोडक्यात. हातोडा पडतो तो भाव अंतिम नसतो. समजा १ लाखाला बोली सुटली आणि लिलावगृहाचं कमिशन २० टक्के आहे, तर १ लाख २० हजार झाले. त्यावर कर आणि पॅकिंग वेगळं, परदेशातून मागवलं तर वाहतूकही. नवखे इथेच फसतात, कारण बोली लावताना डोक्यात फक्त हातोड्याचा आकडा असतो. शिवाय माल बहुतेकदा 'आहे तसा' विकला जातो, म्हणून त्याच्या अवस्थेचा अहवाल आधीच मागवायचा आणि 'हा आधी कुणाकडे होता?' हे लेखी विचारायचं. 'एका खासगी संग्रहातून' हे उत्तर खूप वेळा मिळतं. त्याचा अर्थ काहीच नाही.

आपल्याकडची गोष्ट

महाराष्ट्रात हाच धोका मोडी कागदांना आहे. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवलेले आहेत. एका रुमालातलं पत्र बाजूच्या पत्रामुळे कळतं, कोणी कोणाला का लिहिलं ते. घरोघरच्या जुन्या दफ्तरांचं मात्र बऱ्याचदा असं होतं की वाडा पाडताना पेटी निघते, ती रद्दीवाल्याकडे जाते आणि शिक्का असलेली चार पत्रं तेवढी वेगळी काढून विकली जातात. भिंतीवर शिक्का छान दिसतो. पण पत्रातला 'तो मजकूर' म्हणजे कुठला मजकूर, हे सांगणारं आधीचं पत्र गठ्ठ्याबरोबर लगद्यात गेलेलं असतं. असा गठ्ठा हाती आला तर तो न फोडता आधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवता येतो.

आणि असे कागद ऑनलाइन परदेशी ग्राहकाला विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. ऐतिहासिक मोल असलेला कागद ७५ वर्षांचा झाला की तो पुरावशेष ठरतो, इतर बहुतेक वस्तूंसाठी ही मर्यादा १०० वर्षांची आहे. पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. आजोबांच्या पेटीतला असला, तरी तो पार्सलने पाठवता येत नाही.