पडद्यावरचा साबण आणि गावचा पाणवठा

१९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. सरकारी माहितीपट थिएटरात सिनेमाआधी सक्तीने दाखवले जात. प्रचाराच्या गाड्या ते खेड्यापाड्यांतही नेत. हात धुवा, पाणी उकळा, संडास वापरा! युद्धानंतर अमेरिकेतही शाळेच्या वर्गात पोरांना असेच धडे पडद्यावर देत. पण तिथल्या दक्षिणेत काळ्यांचा नळ वेगळा होता.

वऱ्हाडातल्या आमच्या आजा-आजींना साबणाचे वावडे नव्हते. गावच्या विहिरीवर बंदी होती. मग हात धुवायचे कशाने? म्हणूनच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी आधी चवदार तळ्याचे पाणी घेतले. स्वच्छ राहा, नीटनेटके लुगडे नेसा, हे महिलांना त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच सांगितले. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबाही आधी स्वतः गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत.

हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा. तरी गटारात माणसे मरतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे सर्वांना ठाऊक आहे. अमरावती-अकोल्याच्या गुरुजींनी मुलांना स्वच्छतेचे व्हिडिओ जरूर दाखवावेत. सोबत शाळेचा संडास कोण धुतो, त्याला पगार किती, हेही सांगावे.