मंडईची दंडार आणि राजदरबारीचा सूत्रधार

दीपावलीच्या पणत्यांतील तेल सरते न सरते तोच गोंदिया जिल्ह्यात मंडईची लगबग सुरू होते. पाडव्याला गायगोधन होते, भाऊबिजेला बहिणी ओवाळतात, आणि मग आज या गावी तर उद्या त्या गावी अशी मंडई फिरत राहते. गोवारी बांधव वाजतगाजत ढाल नाचवीत येतात, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री गावच्या चौकात दंडार उभी राहते. गण होतो, गवळण होते, पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचतात, आणि पहाट होईतो कोणी जागचे हलत नाही.

ही भूमी नाट्याला नवी नाही. महाकवी भवभूतींनी आपले मूळ गाव म्हणून सांगितलेले पद्मपूर ते याच जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. भवभूतींची महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित ही तीनही नाटके भगवान कालप्रियनाथांच्या यात्रेत झाली, असे त्यांच्या प्रस्तावनांतच म्हटले आहे. म्हणजे आधी देव, मग यात्रा, मग जमलेली मंडळी, आणि त्यानंतर नाटक! सूत्रधार रंगमंचावर येतो तो हा क्रम ध्यानात ठेवूनच.

आजच्या काळी अशा सूत्रधाराचे काम शासनाकडेही आले आहे. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. संस्कृत नाटकांनाही तेथे स्थान आहे. कीर्तन महोत्सव, लोककलांची प्रशिक्षण शिबिरे, दशावतारापासून खडीगंमतीपर्यंतचे कार्यक्रम सांस्कृतिक कार्य संचालनालयामार्फत होत असतात. यांची आखणी करणारा जो वरिष्ठ अधिकारी असतो, त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर क्वचितच छापले जाते. कोणत्या कलेला किती निधी, कोणत्या गावी कोणता मंच, परीक्षक कोण, मानधन किती, पोलिसांची परवानगी आली का, कलावंतांच्या प्रवासाची देयके कोषागारात अडली का, हे सारे त्याच्या टेबलावर येते. कार्यक्रम रंगला तर टाळ्या कलावंतांना, फसला तर बोल मात्र त्याला.

आम्हीही एकदा असा बोल लावला होता. काही वर्षांपूर्वी एका शासकीय महोत्सवात आम्हांस कीर्तनासाठी अवघी पंचवीस मिनिटे मिळाली. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगाचे निरूपण, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. निरूपण कोठे रंगात येते तोच समोरून चिठ्ठी आली. ध्रुव अजून वनात निघालाही नव्हता, आणि आम्हांस आरती म्हणावी लागली. मन फार खिन्न झाले. कार्यक्रमानंतर नियोजन करणारे अधिकारी स्वतः भेटावयास आले आणि नमस्कार करून म्हणाले, "बुवा, चूक आमची. सर्वांना सारखा वेळ दिला, तोच न्याय वाटला."

आम्ही म्हणालो, "साहेब, पंक्तीत पान सर्वांना सारखे मांडावे; पण लहान मुलाला आणि पहिलवानाला वाढणे सारखे कसे असेल?"

ते हसले, पण बोल मनाला लागला असावा. त्याच वर्षी दिवाळीनंतर ते आम्हांस बरोबर घेऊन आमगावकडील एका मंडईस आले. रात्रभर घोंगडीवर बसून त्यांनी दंडार पाहिली. पहाटे चहा घेताना त्यांनी दंडारीतील एका वृद्ध कलावंताला विचारले, "बाबा, शासनाने तुमच्यासाठी काय करावे?" म्हातारा म्हणाला, "साहेब, पैसा थोडा कमी देसाल तं चालंल, पन तारीक धान पाहून धरा."

या एका वाक्यात आम्हांस अवघे नियोजनशास्त्र दिसले. शासनाचे वर्ष १ एप्रिलला उघडते आणि ३१ मार्चला मिटते. निधी हाती येईपर्यंत पुष्कळदा हिवाळा उलटतो आणि अखर्चित रक्कम परत जाऊ नये म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत कार्यक्रमांची दाटी होते. झाडीपट्टीचे वर्ष मात्र धानाचे. हलके धान दिवाळीच्या सुमारास घरी येते, भारी धान त्यानंतर कापले जाते. दंडारीत नाचणारा आणि ती पाहणारा, दोघेही त्याच बांधावरचे. म्हणून येथील रंगभूमी दिवाळीला जागी होते आणि होळीच्या सुमारास विसावते. कापणीच्या दिवसांत शिबिर लावले तर शिकावयास कोण येणार? मार्च संपताना महोत्सव भरविला तर मंडप रिकामा राहणार, आणि कागदावर मात्र 'कार्यक्रम संपन्न' अशी नोंद होणार!

हे शहाणपण जुनेच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाहेरून आलेल्या खेळावर पाच पण प्रेक्षावेतन सांगितले आहे. त्याचबरोबर नट-नर्तकांनी जनपदातील लोकांच्या कामात विघ्न आणू नये, असा दंडकही आहे. दंडक कठोर खरा. पण कलेचे वेळापत्रक शेताकडे पाहून ठरवावे, हा त्यातील अर्थ आजही ग्राह्य आहे.

दुसरी अडचण रात्रीची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिवर्धकास बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. आजारी माणसाची झोप हीसुद्धा देवपूजेइतकीच पवित्र आहे, हे आम्ही जाणतो. परंतु रात्रभर चालणाऱ्या कलेने काय करावे? यावर त्या अधिकाऱ्यांनी जो तोडगा सुचविला तो साधाच होता. मुख्य भाग दिवेलागणीलाच सुरू करावा, आणि दहानंतर ध्वनिवर्धक बंद करून दंडार उघड्या गळ्याने, लहान मंडळीत चालू द्यावी. आमच्या आजोबांच्या काळी ध्वनिवर्धक होते कोठे?

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या झाडीच्या मुलखाला मोठा आनंद झाला. हा सन्मान मोठाच. तथापि गावचा चौक जागता राहिला तरच उद्याचा कलावंत घडेल. आणि तो चौक जागता ठेवण्याचे अर्धे श्रेय, वेळेवर निघालेल्या एखाद्या साध्या आदेशाचे असते.

यंदा मंडईस गेलात तर गणाच्या वेळी दोन हात जोडा. त्यांतील एक नमस्कार गणरायाला, दुसरा नाचणाऱ्या कलावंताला. आणि मनातल्या मनात तिसरा, कोठेतरी टेबलाशी बसून धान पाहून तारीख धरणाऱ्या त्या अनाम सूत्रधाराला!